घरातलं कार्य

"साहेब, तुम्ही तर आमचे मायबाप," असं प्रसेनजीत फोनवर म्हणाला आणि माझ्या हातातली वरण्याची शेंग अर्धी सोललेली तशीच राहिली. मी स्वयंपाकघराच्या दारात पाट टाकून बसले होते. फोन बाहेरच्या खोलीत, कोपऱ्यातल्या स्टुलावर. शेजारी खुर्ची होती, पण तो उभा राहून बोलत होता. एका हातात रिसीव्हर आणि दुसरा हात पोटाशी धरलेला, तळवा आत, बोटं मिटलेली. समोर कुणी नव्हतं, भिंतीवर फक्त बाबासाहेबांची तसबीर आणि तिच्या खाली कॅलेंडर. त्या हाताकडे मी बघत राहिले. तो हात माझ्या मुलाचा नव्हता. माझा आज्जा पाटलाच्या दारात उभा राहायचा तेव्हा त्याचा हात असाच पोटाशी असायचा. काठी काखेत, मान खाली, 'जोहार मायबाप' एवढंच म्हणायचं आणि आतून कुणी येईपर्यंत तसंच थांबायचं. प्रसेनजीतनं माझ्या आज्ज्याला कधी पाहिलेलं नाही. तो बी.एस्सी. झाला, साखर कारखान्यात लागला, राजारामपुरीतल्या मागच्या गल्लीत त्यानं ही जागा घेतली. तरी तो हात त्याला आपोआप आला. शब्दामागून हात येतो की हातामागून शब्द, हे मला आजही कळलेलं नाही.

माझे वडील यल्लाप्पा. छप्पन सालच्या अखेरीला ते धर्मांतर करून गावी परत आले आणि त्यांनी मायबाप म्हणायचं सोडलं. जोहार सोडला हे गावाला कसंबसं समजलं असतं, पण मायबाप सोडला हे पाटलाला लागलं. मी तेव्हा बारा वर्षांची होते आणि वडिलांच्या मागे उभी होते, म्हणून मला ते बोलणं जसंच्या तसं आठवतं. पाटील हसत हसत म्हणाले, "काय रं यल्ल्या, मायबाप इसरलास व्हय?" वडील म्हणाले, "न्हाय पाटील. माझी आई घरात हाय. बाप बी हाय. दोगंबी जित्ती हाईत." एवढंच. आवाज चढवला नाही. त्यानंतर आम्हाला गावात कुणी कामाला बोलावलं नाही, विहिरीवरून भांडण निघालं, आणि वर्षभरात आम्ही कोल्हापुरात आलो. वडील गुळाच्या पेठेत हमाली करायला लागले. मी शाळेत गेले, पुढं मास्तरीण झाले, नगरपालिकेच्या शाळेत जन्मभर मराठी शिकवली. हे सगळं एक शब्द सोडला म्हणून घडलं असं मी मानत आले. तोच शब्द आता माझ्याच घरात, ट्यूबलाइटखाली, फोनच्या काळ्या भोकात जात होता.

फोनच्या पलीकडे होते कारखान्याचे चेअरमन बाळासो. त्यांना नावानं कुणी हाक मारत नाही, सगळे साहेब म्हणतात. सोमवारी कारखान्यात सरकारी निरीक्षक चौकशीला येणार होता आणि प्रसेनजीतनं जबाबात काय सांगायचं ते साहेब सांगत होते. कारखान्याच्या टाकीत उतरून मेलेला माणूस दारू प्यायलेला होता, कुणाला न विचारता तो आपणहून उतरला, असं सांगायचं होतं. असं सांगितलं तर प्रसेनजीतला काही होणार नव्हतं. म्हणून तो मायबाप म्हणाला. त्यात लबाडी नव्हती. त्याला खरंच तसं वाटत होतं, हे मी त्याच्या मानेवरून ओळखलं. आई मुलाची मान ओळखते.

टाकीत उतरलेला माणूस म्हणजे जोतीराम. माझ्या लहानपणीच्या मैत्रिणीचा, तानाबाईचा एकुलता एक मुलगा. ताना आणि मी एका वस्तीत वाढलो. मी शहरात आले आणि ती हातकणंगल्याजवळच्या त्याच गावात राहिली, तिथंच लग्न झालं, तिथंच नवरा गेला. जोतीराम कारखान्यात कंत्राटावर होता, आणि त्याला तिथं चिकटवला होता प्रसेनजीतनं. ताना मला म्हणायची, "तुझ्या लेकानं माझ्या लेकाला भाकरीला लावलं." दिवाळीला जोतीराम आमच्याकडे काकवीची बरणी घेऊन यायचा आणि दारातूनच ओरडायचा, "मावशे, कुत्रं बांधलंय न्हवं?" आमच्याकडे कुत्रं कधीच नव्हतं. दरवर्षी तोच विनोद, आणि दरवर्षी मी हसायचे.

ऑगस्टच्या अखेरीला प्रसेनजीत एकदा भर दुपारी घरी आला. त्याच्या कपड्यांना मळीचा वास येत होता. मळी म्हणजे साखर काढून उरतो तो काळा रस. कारखान्याच्या आसपास राहणाऱ्याला तो वास कळत नाही, पण बाहेरच्याच्या नाकाला तो चिकटून बसतो, गोड आणि आंबूस, आजाऱ्याच्या खोलीत ठेवलेल्या फळांसारखा. तो मोरीजवळ जमिनीवरच बसला. सून प्रीती बँकेत गेली होती, घरात आम्ही दोघंच. त्यानं सांगितलं ते तुटक तुटक सांगितलं, मला ते मागून जोडावं लागलं. मळीच्या रिकाम्या टाकीत वायू साठतो, तो दिसत नाही. माणूस उतरवण्याआधी यंत्रानं तो मोजायचा असतो. यंत्र दुरुस्तीला गेलं होतं. दुसऱ्या कारखान्याकडून आणता आलं असतं, पण अर्धा दिवस मोडला असता. आणि वार्षिक सभा जवळ आली होती, सभासद टाकीपर्यंत फिरायला येणार, टाकी आतून साफ करून बाहेरून रंगवायची होती. साहेबांचा फोन आला.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"म्हणाले, प्रसेनजीत, घरातलं कार्य हाय. पावणं येनार. घरात कार्य असताना कोण कोपऱ्यात माप घिऊन बसतं काय?"

"मग?"

"मी हो म्हटलं."

"आणि जोतीराम?"

तो नळाकडे बघत म्हणाला, "जोत्या झाकणातनं वाकून बघितला. म्हणाला, दादा, आज वास लई उग्र येतोय की. मी म्हटलं, घरचंच काम आहे जोत्या, उतर."

मी त्याला पाणी दिलं. ते त्यानं प्यायलं नाही, तांब्या हातात धरून बसला. माझ्या डोक्यात तेव्हा कुठलाही मोठा विचार आला नाही. 'घरचंच काम आहे' हे वाक्य फक्त फिरत राहिलं. घरात आपण मोजत नाही, लेखी मागत नाही. भावाकडून पावती घेणाऱ्याला आमच्याकडे माणसांत धरत नाहीत. यंत्र येईपर्यंत थांबू असं प्रसेनजीत म्हणाला असता तर ते सावधपणाचं झालं नसतं, परकेपणाचं झालं असतं. वस्तीतला पोरगा शिफ्टचा इनचार्ज झाला, साहेबांनी त्याला घरातलं म्हटलं, आणि त्यानं माप काढायचं? मी बसल्या जागी हे समजू शकत होते, म्हणून मला जास्त भीती वाटली.

सभेला ताना मला सोबत घेऊन गेली. सप्टेंबरचा शेवट, उन्हात तापलेला मंडप, पुढं कोचांवर पुढारी, मागं सतरंजीवर सभासद, कडेला आम्ही बायका. अशा सभांना मी लहानपणापासून काठाकाठानं गेलेली आहे. सेक्रेटरी एका दमात विषय वाचतो आणि शेवटचा शब्द संपायच्या आत मंडपभर 'मंजूर, मंजूर' असा ओरडा होतो. विरोधी गट असला तर तो 'नामंजूर' ओरडतो आणि ज्यांचा आवाज मोठा त्यांचं खरं ठरतं. मतं कुणी मोजत नाही. जोतीरामच्या श्रद्धांजलीचा ठराव आला तेव्हा साहेब स्वतः उठले. पांढरे कपडे, भरलेला गळा. म्हणाले, "मंडळी, कारखाना ही आपली आई हाय. हिच्या दुधावर आपुन वाडलो. आई चुलीम्होरं राबती. कदी एखाद्या लेकराला तिच्या हातनं चटका बसतो. म्हणून लेकरू आईला कोर्टात वडतंय का?" माझ्या शेजारची म्हातारी डोळे पुसायला लागली. आणि खोटं कशाला सांगू, मीही पदर डोळ्यांना लावला.

कारण ते सगळं खोटं नव्हतं. अडचण तीच आहे. मला कारखान्याचं पहिलं धुराडं आठवतं. मामाच्या गावाला गेले होते तेव्हा बायका परातीत नैवेद्य घेऊन गव्हाणीपाशी उभ्या होत्या, जिथून ऊस आत जातो तिथं. त्याआधी तिथं नुसतं माळरान होतं. मग रस्ता आला, दिवे आले, दवाखाना आला, मुली सायकलवर हायस्कुलात जायला लागल्या. ताना पहिल्यांदा चपला घालून माझ्याकडे आली ती जोतीरामच्या कारखान्याच्या पगारातून. आई म्हणायला लोकांना कुणी शिकवलं नव्हतं. मी वर्गात मुलांकडून 'शाळा आमची आई', 'नदी आमची आई' असे निबंध लिहून घेत होते आणि मुलं ते मनापासून लिहीत होती, कारण मूल जे पहिलं ओळखतं त्याच्यावरच पुढचं सगळं रचतं. पण एकदा आई म्हटलं की वाक्य पुढं आपोआप चालत जातं. आईला हिशोब विचारत नाहीत. आईची चूक बाहेर सांगत नाहीत. आणि आईच्या घरात बाप लागतोच, मग बाप कोण ते कुणी विचारत नाही, तो कोचावर बसलेला असतो. त्या मंडपात बसून मला आमची जुनी वस्ती आठवली. गाव म्हणजे एक घर, असं तेव्हाही म्हणायचे. त्या घरात आमची खोली कुठली, हे वडिलांनी एकदा मोठ्यानं विचारलं होतं, आणि उत्तर म्हणून आम्ही शहरात आलो होतो.

मग साहेबांनी तानाला वर बोलावलं. स्टेजवर वहिनीसाहेब, म्हणजे साहेबांची बायको, ताट घेऊन उभ्या होत्या. त्यांनी तानाची ओटी भरली. ताना वीस वर्षं विधवा. आमच्यात छप्पन सालीच असले विधी सोडायचं ठरलं होतं, पण बायकांनी ओटी काही पुरती सोडली नव्हती, आणि विधवेची ओटी तर कुणी, कुठल्याच जातीत, भरत नव्हतं. वहिनीसाहेबांनी साडी दिली, खण दिला, तांदूळ, नारळ, आणि माइकवर म्हणाल्या, "तानाबाई, आजपासून हे तुमचं माहेर." मंडपातून एवढ्या टाळ्या आल्या की कनातीवरची कबुतरं उडाली. तानाचा चेहरा मी खालून बघत होते. तिचा मुलगा जाऊन महिना झाला होता आणि तिचा चेहरा उजळला होता. त्या उजळण्याची मला लाज वाटली, मग माझ्या लाजेची लाज वाटली. वीस वर्षांत त्या बाईच्या पदरात कुणी मूठभर तांदूळ टाकले नव्हते. दोन्ही हातांनी तिनं पदर धरला होता, सांडू नये म्हणून. तेवढ्यात सेक्रेटरीनं ठराव वाचला. दुर्दैवी घटना, कुणाचाही दोष नाही, कारखाना कुटुंबाच्या पाठीशी. आणि माइक तानाच्या तोंडापुढं धरला. "तानाबाई, तुमास्नी मंजूर?" ताना पदराकडे बघत म्हणाली, "मंजूर." मग सगळा मंडप म्हणाला.

परत येताना एस.टी.त ती नारळ मांडीवर घेऊन बसली होती. तिला सांगण्यासारखं माझ्याकडे एकच होतं आणि ते माझ्या मुलाला तुरुंगात घालणारं होतं.

प्रसेनजीतनं फोन ठेवला तेव्हा मी शेंगा बाजूला सारल्या आणि म्हटलं, "जोतीराम दारू पीत नव्हता." त्यानं न ऐकल्यासारखं केलं. प्रीती आतून आली. ती जयसिंगपूरची, शहाण्या घरातली मुलगी, कधी उलटून बोलत नाही. ती म्हणाली, "आई, मेलेला माणूस परत येणार आहे का? साहेब आपल्याला घरच्यासारखं सांभाळतायत. तुम्ही काही बोलू नका. तुमचा मुलगा आहे तो." मी म्हटलं, "ताना त्याची आई आहे." ती म्हणाली, "हो, पण तुम्ही ह्यांची आहात." तिच्या बोलण्यात चूक काय होती ते मला सापडेना. साहेब कारखान्याला आई म्हणतात ती उपमा झाली. पण मी तर उपमा नव्हते, मी खरीच आई होते, आणि खरी आई जे करते तेच कारखाना करत होता, आपलं पोर पदराखाली घेत होता. मी कशाला नावं ठेवत होते? दोन दिवस मी घरात नुसती फिरले. दूध तापवायला ठेवायचे आणि त्याच्याकडे बघत उभी राहायचे. भाजीवाल्याशी बोलताना मला प्रत्येक शब्द पारखून बघावासा वाटायचा. रेडिओवर निवडणुकीच्या बातम्या चालू होत्या, कुणी कुणाला चितपट केलं, कुणाचा गड राखला, कुणाची लाट आली. मला वाटलं, लाटेत बुडालेल्या माणसाचा जबाब कुणाकडून घ्यायचा? लाटेला हात नसतो, गडाला तोंड नसतं. आणि आईला तर पोलीस पकडत नाहीत.

रविवारी सकाळी मी एकटीच गावाला गेले. ताना दारात तांदूळ निवडत होती. ओटीचेच तांदूळ असावेत. मला बघून म्हणाली, "ये की. सांगून आली असतीस तर कालवण केलं असतं." घरात जोतीरामचा फोटो नव्हता, कारण त्याचा एकटा असा फोटोच नव्हता, लग्नातल्या घोळक्याचा एक होता तो कोनाड्यात उभा केला होता. मी एस.टी.त सगळा वेळ वाक्यं जुळवली होती. जन्मभर मराठी शिकवलेली बाई, पण जे वाक्य बनवीन त्यात आई, घर, नशीब, आभाळ कोसळलं, असलं काहीतरी येत होतं आणि त्याच्या आड खरी गोष्ट लपत होती. शेवटी मी लहान मुलांना शिकवावं तसं सांगितलं. टाकीत विषारी वायू होता. तो मोजायला पाहिजे होता. मोजला नाही. चेअरमननं फोन करून घाई केली. जोतीरामनं वास येतोय म्हणून सांगितलं. त्याला उतर म्हणणारा माझा मुलगा. तो दारू प्यायलेला नव्हता, आणि उद्या माझा मुलगा सांगणार आहे की तो प्यायलेला होता.

तानाचा हात सुपात थांबला. ती म्हणाली, "आनी एकदा सांग."

मी पुन्हा सांगितलं. तसंच.

"वास येतोय म्हनला?"

"हो."

"त्याचं नाक लई तिखट हुतं," ती म्हणाली. "दूध नासायच्या आदी त्याला कळायचं." मग तिनं तोंडावर पदर घेतला आणि रडली. महिनाभर ती रडलीच नव्हती, हे मला तेव्हा समजलं. सगळ्या गावानं तिला इतकं घरात घेतलं होतं की रडायला कोपरा ठेवला नव्हता. रडून झाल्यावर तिनं नाक पुसलं आणि एकदम जुन्या आवाजात, विहिरीवर भांडायची त्या आवाजात म्हणाली, "शेवंता, तू कशाला सांगितलीस गं? मला आता झोप न्हाय येनार. तुला बी न्हाय येनार."

"माहीत आहे."

"उद्या मी बी जानार चौकशीला. प्रसेन माझ्याम्होरं काय म्हनतोय बगते. त्याला म्हनावं, हाय तेवडंच सांग. आई-बाई काय घालू नगंस त्यात."

मी घरी येऊन प्रसेनजीतला म्हटलं, "मी तानाला सांगितलं." तो जेवत होता. त्याचा घास हातात राहिला. "तू माझी आई आहेस ना?" असं तो म्हणाला, रागानं नाही, खरंच विचारल्यासारखं. मी त्याच्या ताटात भात वाढला आणि तो माझ्याकडे न बघता जेवला. मी त्याला भरवत होते की निरोप देत होते, कोण जाणे.

चौकशी कारखान्याच्या गेस्ट हाउसवर झाली. मी तिथं नव्हते, तानानं मला सांगितलं. प्रसेनजीतनं पहिलं वाक्य साहेबांनी सांगितलेलं म्हटलं. दुसऱ्या वाक्याला त्यानं समोर बघितलं, तिथं ताना लाकडी खुर्चीवर पाय जमिनीला न टेकता बसली होती. तो थांबला. मग त्यानं सगळं सांगितलं, फोनसकट. निरीक्षकानं दोनदा विचारलं, फोन आला याला पुरावा काय? प्रसेनजीत म्हणाला, "घरातल्यासारखं होतं सर, लेखी कोण मागतं?" चेअरमनांनी फोन केल्याचं नाकारलं. त्यांना त्या दिवशी कुणाला फोन केल्याचं आठवतच नव्हतं. ते चिडले नाहीत, ताना म्हणाली, उलट त्यांनी प्रसेनच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "लेकरा, भ्यालास तू."

लेखी होतं ते एवढंच की त्या शिफ्टला टाकीची जबाबदारी प्रसेनजीतची होती. निष्काळजीपणानं मृत्यूस कारण झाल्याबद्दल त्याच्यावर गुन्हा दाखल झाला. नोकरी गेली. पोलीस त्याला न्यायला आले तेव्हा प्रीतीनं दार लावून घेतलं आणि माझ्याशी ती पुढं कितीतरी महिने बोलली नाही. जामिनावर सुटून आल्यावर तो मळीचा वास येतो म्हणून दिवसातून दोनदा अंघोळ करायचा, आणि वास कुठून येणार, कारखाना इथून कोसभर नाही, कितीतरी लांब. आमच्या गल्लीतही कुजबुज होती. पण गावात कुजबुज नव्हती, तिथं उघड होतं. पुढच्या वर्षीच्या सभेत प्रसेनजीतचा विषय ठराव म्हणून आला. साहेब बोललेच नाहीत. सेक्रेटरीनं वाचलं, घराची बदनामी करणाऱ्या घरभेद्याला पुन्हा कधीही कारखान्याची पायरी चढू देऊ नये. मंडप 'मंजूर' म्हणाला. ताना बायकांत उभी राहून 'नामंजूर' ओरडली. तिनं मला ते सांगितलं तेव्हा तिचा घसा दोन दिवस बसलेलाच होता. मी विचारलं, "कुणी ऐकलं?" ती म्हणाली, "म्या ऐकलं की." शेजारच्या बाईनं तिला हात धरून खाली बसवलं आणि समजावलं, आगं, माहेराला असं बोलत न्हाईत.

त्यानंतर साहेब बिनविरोध निवडून आले. वर्तमानपत्रात छापलं होतं, कारखाना परिवारानं कर्त्या पुरुषाच्या हाती पुन्हा सूत्रं दिली. मी ती बातमी वाचली आणि पेपरची घडी करून फडताळात टाकली. आता मला मथळे वाचताना थकवा येतो. एकेक शब्द सोलून आत काय आहे बघायचं वय राहिलं नाही, आणि न बघता गिळण्याची सवय मोडली.

केस चालू झाली. तारीख पडते, पुढची तारीख पडते. प्रसेनजीत लहानसहान कामं करतो, ट्यूशन घेतो, केस पांढरे झाले. तो मला आई म्हणतो, पण हाक मारत नाही. जवळ येऊन बोलतो. मला वाटतं त्याला हाक मारायची भीती वाटते, मी ओ देईन याची. मी त्याच्यासोबत प्रत्येक तारखेला जाते. तो नको म्हणतो तरी जाते. ताना गावाहून येते, साक्षीदार म्हणून कधीतरी बोलावतील म्हणून, आणि बोलावलं नाही तरी येते. आम्ही कोर्टाच्या व्हरांड्यात बसतो. ती भाकरी आणते, मी चटणी नेते. एकमेकींशी फार बोलत नाही. जोतीरामचं नाव तिनं काढलं तर मी ऐकते, प्रसेनजीतचं मी काढत नाही. तीच विचारते, "जेवतोय का गं नीट?"

गेल्या खेपेला नवा पट्टेवाला होता, कामाला उत्साही. त्यानं आम्हाला एका बाकावर बघितलं आणि विचारलं कोण कुणाचं. आम्ही सांगितलं. तो गोंधळला, मग हातानं दाखवत म्हणाला, "असं चालनार न्हाय आज्जी. मयताकडचं हिकडं, आरोपीकडचं तिकडं." मी उठायला लागले. ताना उठली नाही. तिनं त्याला विचारलं, "आन साहेबाकडचं कुटं बसत्यात?"

"कुठलं साहेब?"

तिनं पूर्ण नाव सांगितलं, गावासकट, चेअरमन असल्याचंही. पट्टेवाल्यानं हातातल्या कागदावर बोट फिरवलं, खालीवर बघितलं. पोरगा सभ्य होता, त्यानं नीट बघितलं.

"न्हाय आज्जी," तो म्हणाला, "असं कोन न्हाय या केसमदी."

ताना बाकावर थोडी सरकली आणि माझ्या हाताला धरून तिनं मला पुन्हा शेजारी बसवलं. आत पुकारा झाला, प्रसेनजीत यल्लाप्पा असं काहीतरी चुकीचं नाव, बापाच्या जागी त्याच्या आज्ज्याचं, माझ्या वडिलांचं. आम्ही दोघीही उठलो.